चिमटीतला कापूस: पॉल मॅकार्टनीच्या वडिलांची गोष्ट

आमच्या वऱ्हाडात कापसाची गाडी बाजारात लागली की खरेदीदार आधी तिच्यात कोपरापर्यंत हात घालतो. वरचा कापूस बाजूला सारून आतला मूठभर काढतो आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढतो. तंतू लांब आहे की आखूड, ताण सोसतो की पटकन तुटतो, कवडी म्हणजे किडका कापूस किती, पानाचा चुरा किती, ओल आहे का, हे सगळं त्याला अर्ध्या मिनिटात कळतं. लहानपणी मी हे तासन् तास बघत उभा राहायचो. त्या अर्ध्या मिनिटावर कुणाचं तरी वर्ष ठरायचं.

बीटल्स या जगप्रसिद्ध इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचे वडील पोट भरण्यासाठी हेच काम करत होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं नाव जेम्स मॅकार्टनी, सगळे त्यांना जिम म्हणत. गाव लिव्हरपूल. चौदाव्या वर्षी ते कापसाच्या धंद्यात शिरले आणि मधली काही वर्षं सोडली तर बासष्टाव्या वर्षापर्यंत त्यातच राहिले. बीटल्सवर इतकं लिहिलं गेलंय की ग्रंथालयं भरतील. पण जिम यांचा पगार का वाढला नाही, युद्धानंतर त्यांचा धंदा कुठे गेला, टाय बांधून कामाला जाणारा माणूस नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात का राहत होता, हे समजून घ्यायला आधी कापसाचा बाजार समजून घ्यावा लागतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या वाचकाला तो समजायला अवघड नाही.

लिव्हरपूलमध्ये कापूस पिकत नाही आणि तिथे मोठ्या गिरण्याही नव्हत्या. गिरण्या होत्या लँकेशायर परगण्यातल्या इतर शहरांत: मँचेस्टर, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, प्रेस्टन. लिव्हरपूल हे त्यांचं बंदर. अमेरिका, इजिप्त आणि हिंदुस्थानातून जहाजांनी आलेल्या रुईच्या गाठी इथे उतरत, इथे विकल्या जात आणि मग गिरण्यांकडे जात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, तिथला कापूस येणं जवळजवळ बंद पडलं आणि लिव्हरपूलच्या दलालांची नजर मुंबईकडे वळली. मुंबईत त्या चार वर्षांत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये तो तितक्याच वेगानं ओसरला, हा इतिहास आपल्याला माहीत असतो. त्याच सुमाराचा एक शब्द मात्र आपण विसरलो आहोत. लिव्हरपूलच्या भावपत्रकांत 'उमरा' नावाचा कापूस असे. उमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. हिंगणघाटचा कापूसही तिकडे नावानं ओळखला जाई. लँकेशायरचे कामगार मात्र हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत, आणि तेही कुरकुरत, कारण आखूड तंतूमुळे मागावर सूत सारखं तुटायचं.

जिम यांचा जन्म ७ जुलै १९०२ चा. तोवर लँकेशायरची मदार पुन्हा अमेरिकी आणि इजिप्तच्या कापसावर आली होती. आपला कापूस मुंबईच्या गिरण्यांत आणि जपानकडे जात होता. ही गोष्ट पुढे जिम यांच्या घरापर्यंत कशी पोहोचली, ते सांगतोच.

एव्हर्टन ही लिव्हरपूलमधली गरिबांची वस्ती. जिम यांचे वडील जो मॅकार्टनी कोप नावाच्या तंबाखूच्या कारखान्यात तंबाखू कापण्याचं काम करत. घरात सात मुलं जगली. जो कारखान्याच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवत. ट्यूबा म्हणजे पितळी वाद्यांतलं सगळ्यात अवजड आणि खर्जातलं वाद्य, सगळ्यांच्या खाली राहून आधार देणारं. त्यांचा नातू पुढे जगातला सर्वांत प्रसिद्ध बास गिटारवादक झाला. रक्तातून गुण उतरतात वगैरे मी म्हणणार नाही, पण त्या घरात खालच्या सुराकडे लक्ष देण्याची सवय होती एवढं नक्की.

दहा वर्षांचे असताना जिम पडले आणि त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला. शाळेत असताना ते एका नाट्यगृहात कार्यक्रमपत्रिका विकत. पहिल्या खेळाचे लोक जाताना टाकून गेलेल्या पत्रिका ते गोळा करत, बहिणीकडून त्यांना इस्त्री करून घेत आणि दुसऱ्या खेळाला पुन्हा विकत. ज्या घरात प्रत्येक पेनीला काम असतं, तिथलं पोर असं वागतं. आणि फुकटात कानावर पडलेली गाणी ते घरी येऊन, ऐकीव, पियानोवर वाजवून बघत. शिकवणी कधी लागली नाही.

१९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, शाळा सुटली आणि हॅने नावाच्या दलालीच्या पेढीत ते नमुने पोचवणारा पोरगा म्हणून लागले. पगार आठवड्याला ६ शिलिंग. एका पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे आठवड्याला पौंडाचा तिसरा हिस्साही हाती येत नसे.

नमुने पोचवणं म्हणजे काय? हजारो गाठी गोदामात पडलेल्या असतात. प्रत्येक गाठ उचलून गिरणीवाल्याला दाखवता येत नाही, म्हणून गाठीतून मूठ-दोन मूठ रुई काढायची, कागदात गुंडाळायची, गाठीची खूण लिहायची. सौदा त्या पुडक्यावर होतो. एका दलालाकडे विकायचा माल, दुसऱ्याकडे गिरणीची मागणी, आणि या पेढीतून त्या पेढीत पुडकी घेऊन पळणारी चौदा-पंधरा वर्षांची पोरं. रुई पारखायची ती शक्यतो उत्तरेच्या उजेडात, कारण तिथे थेट ऊन येत नाही आणि पांढऱ्या रंगातला पिवळटपणा लपत नाही. मग तीच चिमूट, तोच ताण. अमेरिकी रुईच्या प्रतींना ठरलेली नावं होती. मधल्या प्रतीला 'मिडलिंग' म्हणत आणि तिच्या वर-खाली किती यावर भाव चढे-उतरे. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. पुडकी वाहता वाहता, मोठ्यांची बोटं बघता बघता ते बोटांत उतरतं. जिम यांनी त्यात चौदा वर्षं घालवली आणि १९३० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना विक्रेत्याची जागा मिळाली. पगार वर्षाला २५० पौंड. एव्हर्टनच्या पोरासाठी ही मोठी उडी होती. तशा जागा सहसा बऱ्या घरच्या, बऱ्या शाळेत शिकलेल्या मुलांना मिळत.

बाजाराचा दुसरा मजलाही थोडा समजून घेऊ, कारण पुढे तोच कोसळतो. समजा, गिरणीवाल्यानं जानेवारीत कापडाची मागणी घेतली आणि माल जूनमध्ये द्यायचा आहे. कापडाचा भाव आज ठरला, पण कापूस त्याला एप्रिलमध्ये लागणार. एप्रिलमध्ये कापूस महागला तर तो बुडाला. म्हणून तो आजच एप्रिलचा कापूस आजच्या बोलीनं घेऊन ठेवतो, कागदावर. हा वायदा. दुसऱ्या बाजूला ज्याच्याकडे माल पडून आहे त्याला भाव पडण्याची धास्ती असते, तो विकून ठेवतो. दोघांच्या धास्त्या एकमेकांना झेलतात. मधे सट्टेवाले शिरतात हे खरं, पण वायद्याचं मूळ काम धास्ती वाटून घेण्याचं. अटलांटिकच्या तळाशी तार टाकली गेल्यावर अमेरिकेतला भाव त्याच दिवशी लिव्हरपूलला कळू लागला आणि हा व्यवहार प्रचंड वाढला. १९०६ मध्ये ओल्ड हॉल स्ट्रीटवर कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत उभी राहिली. जिम नमुने घेऊन पळत होते तेव्हा हा बाजार जगातल्या कापसाचा भाव ठरवणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होता.

संध्याकाळी मात्र वेगळंच आयुष्य. विशीत त्यांनी नाचाच्या कार्यक्रमांसाठी बँड काढला. सुरुवातीला नाव मास्क्ड मेलडी मेकर्स, कारण सगळे काळे मुखवटे लावून वाजवायचे. घामानं मुखवट्यांचा काळा रंग गालांवर ओघळला आणि मुखवटे गेले. मग जिम मॅक्स जॅझ बँड. जिम आधी ट्रंपेट वाजवत, दात दगा देऊ लागल्यावर पियानोवर आले. भाऊ जॅक ट्रॉम्बोनवर. फाटलेल्या पडद्याचा कान घेऊन हा माणूस दिवसा कापूस विकून रात्री नाचघरं गाजवत होता. पैसे थोडे मिळत. पण हा बँड म्हणजे हौस होती, धंदा नव्हे, आणि त्या दोघांतला फरक जिम यांच्या मनात पक्का होता. पुढे मुलाशी त्यांचे जे खटके उडाले ते याच फरकावरून.

आता लँकेशायरकडे बघू. ब्रिटनची कापडाची निर्यात १९१३ मध्ये सर्वोच्च होती, सुमारे ७०० कोटी यार्ड. १९३८ पर्यंत ती दीडशे कोटींच्याही खाली आली. सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं हिंदुस्थान, आणि तेच सुटलं. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपानचं स्वस्त कापड आलं, स्वदेशीनं लोकांनी विलायती कापड टाकलं. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी स्वतः लँकेशायरला गेले, गिरणी कामगारांना भेटले. बेकारीत होरपळणाऱ्या त्या माणसांनी त्यांचं स्वागत केलं, आणि गांधीजींनी आपल्या देशातली गरिबी त्यांच्यापुढे ठेवली. जिम यांना विक्रेत्याची जागा मिळाल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ते शिडीची पायरी चढले आणि शिडीच खाली सरकू लागली. यात त्यांचा दोष नव्हता, आणि आपल्या आजोबा-पणजोबांचाही नव्हता. शतकभर आपल्याकडचा कापूस नेऊन कापड आपल्याच गळ्यात मारणारी ती व्यवस्था मोडायलाच हवी होती असं मला वाटतं. पण मोडते तेव्हा ती मालकाच्या आधी पगारदारावर पडते, हेही तितकंच खरं.

मग युद्ध आलं. मेरी मोहिन या परिचारिकेशी त्यांची ओळख झाली, बहिणीच्या घरी. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला आणि सगळ्यांना रात्रभर तिथेच थांबावं लागलं असं सांगतात. एप्रिल १९४१ मध्ये लग्न झालं तेव्हा जिम ३८ वर्षांचे होते, मेरी ३१ च्या. कानामुळे त्यांना सैन्यात घेतलं नाही. त्याच वर्षी कापसाचा वायदे बाजार बंद झाला, कारण युद्धात कापूस आणायचा कुठून आणि द्यायचा कुणाला हे सरकार ठरवू लागलं. जिम नेपियरच्या इंजिनांच्या कारखान्यात लेथवर लागले आणि रात्री बाँबमुळे लागणाऱ्या आगींवर पहारा देऊ लागले. १८ जून १९४२ ला पॉल जन्मला, जानेवारी १९४४ मध्ये मायकेल.

युद्ध संपलं तरी बाजार उघडला नाही. मजूर पक्षाच्या सरकारनं कायदा करून कापसाची सगळी खरेदी एका सरकारी आयोगाकडे दिली. हे मराठी वाचकाला लगेच समजेल, कारण १९७२ पासून आपल्याकडेही एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. हेतू उलटे होते: आपल्याकडे शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, तिकडे गिरण्यांना ठरल्या दरानं कापूस मिळावा म्हणून. परिणाम मात्र सारखा, खासगी व्यापाऱ्याचं काम गेलं. चिमटीत तीस वर्षांचं ज्ञान असलेला माणूस काही काळ लिव्हरपूल नगरपालिकेच्या सफाई खात्यात तपासनीस होता: कचरा नीट उचलला जातो की नाही हे बघत रस्त्यानं फिरायचं. नंतर ते कापसाकडे परतले. १९५४ मध्ये वायदे बाजार पुन्हा सुरू झाला, पण तोवर लँकेशायरच्या गिरण्या मिटायला लागल्या होत्या. गिरणीच नाही तर गिरणीला कापूस विकणाऱ्याला काय मिळणार?

पगाराचे आकडे बघा. १९३० मध्ये वर्षाला २५० पौंड, म्हणजे आठवड्याला पाचेक. पंचवीस वर्षांनी आठवड्याला आठ-दहा पौंड. वस्तूंच्या किमती मधल्या काळात दुपटीहून अधिक वाढल्या होत्या. म्हणजे अनुभव वाढत गेला आणि पगाराची खरी किंमत घटत गेली. १९६४ मध्येही ते दहा पौंडांच्याच आसपास होते. त्या वेळी ब्रिटनमधल्या कारखान्यातल्या सर्वसाधारण कामगाराला त्याहून बरंच जास्त मिळत होतं. ब्रिटनमधल्या वर्गभेदाची ही गुंतागुंत आपल्याला चटकन कळत नाही. कॉलर, टाय, पेढीतली खुर्ची यावरून जिम मध्यमवर्गीय वाटायचे. खिसा, वस्ती, बोलणं आणि नातेवाईक कामगारांचे होते. आपल्याकडे पेढीवर दिवाणजी म्हणून पांढरं धोतर नेसून बसणारा आणि चाळीत राहणारा माणूस आठवा, म्हणजे जिम दिसतील.

घर चालत होतं ते मेरीच्या पगारावर. सुईण म्हणून रात्री-अपरात्री सायकलवर जाणाऱ्या मेरीला नवऱ्यापेक्षा जास्त मिळत असे. लिव्हरपूलच्या स्पीक भागातल्या नगरपालिकेच्या घरांतून १९५५ मध्ये ते २०, फोर्थलिन रोडला आले, तेही नगरपालिकेचंच भाड्याचं घर. फार काळ गेला नाही आणि ३१ ऑक्टोबर १९५६ ला मेरी स्तनाच्या कर्करोगानं गेली. पॉल १४ वर्षांचा, मायकेल १२ चा. बातमी कळल्यावर पॉलच्या तोंडून पहिलं निघालं ते असं की आता तिच्या पगाराशिवाय आपलं कसं होणार. या वाक्याची त्याला पुढे कितीतरी वर्षं बोच राहिली. मला त्यात निष्ठुरपणा दिसत नाही. ज्या घरात महिनाअखेर मोजून काढतात, तिथल्या पोराला आईच्या जाण्याचं मोठेपण आधी त्याच भाषेत कळतं.

चौपन्न वर्षांचा विधुर, दोन वाढती मुलं, घटता पगार. जिम स्वयंपाक शिकले. त्यांच्या बहिणी ठरल्या दिवशी येऊन घर आवरून देत. बागेत लॅव्हेंडर लावलेलं होतं. त्याच्या वाळलेल्या काड्या जाळून ते खोलीतला तंबाखूचा वास घालवत. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज सोडवत आणि मुलांना शब्द विचारत. आणि पियानो होता. तो घेतला होता नेम्स नावाच्या दुकानातून. दुकानाचे मालक एपस्टाइन कुटुंब, ज्यांचा मुलगा ब्रायन पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झाला.

या घरात संगीत शिकवलं गेलं ते असं: जिम जुन्या नाचगाण्यांच्या चाली वाजवत, मुलं भोवती. दोन मुलांना दोन वेगळ्या सुरांत एकच गाणं गायला लावून सुरांचा मेळ काय असतो ते ते दाखवत. रेडिओ लागला की खालून घुमणारा सूर वेगळा काढून सांगत, हा ऐक, हा बास. रेडिओपासून वरच्या खोलीपर्यंत वायर ओढून त्यांनी मुलांच्या उशाशी हेडफोन दिले होते, म्हणजे अंथरुणात पडून ऐकता यावं. त्या काळात हे करणारा बाप विरळा. पॉलनं पियानो शिकवा म्हटल्यावर मात्र ते म्हणाले, रीतसर शिक. आपण ऐकीव वाजवतो ते शिकवण्यालायक नाही, असं त्यांना मनापासून वाटे. पॉलला शिकवणी रुचली नाही आणि तोही ऐकीवच शिकला. वाढदिवसाला दिलेलं ट्रंपेट त्यानं, वडिलांना विचारून, दुकानात देऊन गिटार आणलं, कारण ट्रंपेट तोंडाला लावलं की गाता येत नाही. जिम स्वतः ट्रंपेटवाले. त्यांनी परवानगी दिली.

परवानगीची खरी कसोटी १९६० मध्ये आली. पॉलच्या बँडला, म्हणजे बीटल्सला, जर्मनीत हॅम्बुर्गला वाजवायला जायचं होतं. मुलगा चांगल्या शाळेतला, मास्तर होईल अशी आशा. कार्यक्रम ठरवणारा ॲलन विल्यम्स घरी येऊन समजावून गेला तेव्हा जिम तयार झाले. मुलं कफल्लक होऊन परतली, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं: नोकरी धर. पॉल काही आठवडे विजेच्या तारांची वेटोळी गुंडाळण्याच्या कारखान्यात आठवड्याला सातेक पौंडांवर राबला. हा किस्सा वडिलांच्या कोतेपणाचा म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. ज्यानं जगातला एक मोठा बाजार डोळ्यांदेखत बंद पडताना पाहिला, त्यानं पोरांच्या बँडवर भरवसा कसा ठेवावा?

तरी १९६१ मध्ये लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्सचे दुपारचे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा जिम जेवणाच्या सुट्टीत पेढीतून चालत तिथे जात. तळघर, गर्दी, घामानं ओल्या भिंती. येताना वाटेत घेतलेलं मांस ते पॉलच्या हाती देत आणि रात्रीच्या जेवणासाठी किती वाजता शिजायला ठेवायचं ते सांगत. मग परत कापसाकडे.

१९६४ मध्ये पॉलनं त्यांना काम सोडायला लावलं आणि मर्सी नदीपलीकडे घर घेऊन दिलं. त्याच वर्षी ६ जुलैच्या रात्री, बीटल्सच्या पहिल्या चित्रपटाच्या प्रीमियरनंतर, बारा वाजता त्यांच्या हाती घोड्याचं एक चित्र आलं. चित्राचं मी काय करू, असं त्यांना वाटलं. मुलानं खराखुरा शर्यतीचा घोडा घेतला होता, ड्रेक्स ड्रम. १९६६ मध्ये तो लिव्हरपूलजवळच्या एंट्री नावाच्या शर्यतीच्या मैदानावर शर्यत जिंकला. त्या मधल्या काळात जिम यांनी अँजेला विल्यम्स यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि त्यांच्या लहान मुलीला आपलं नाव दिलं.

१९७४ मध्ये पॉल अमेरिकेत नॅशव्हिलला होता. वडिलांनी पूर्वी रचलेली एक धून त्याच्या मनात होती, 'वॉकिंग इन द पार्क विथ एलोइस'. गिटारवादक चेट ॲटकिन्स आणि पियानोवादक फ्लॉइड क्रेमर यांना घेऊन त्यानं ती ध्वनिमुद्रित केली आणि 'द कंट्री हॅम्स' या नावानं रेकॉर्ड काढली. तुम्ही लिहिलेली धून, असं पॉल म्हणाला की जिम त्याला दुरुस्त करत: मी लिहिलेली नाही, मी नुसती जुळवलीय. लिहिणं म्हणजे कागदावर स्वर मांडणं, आणि ते त्यांना येत नव्हतं. पॉललाही येत नव्हतं. १८ मार्च १९७६ ला जिम गेले, वयाच्या ७३ व्या वर्षी. ती धून पॉलनं लहानपणी जमिनीवर लोळत, वडील कापसाच्या पेढीवरून येऊन पियानोशी बसलेले असताना, ऐकून ऐकून पाठ केली होती.